एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?

बावधन हे मुळशी तालुक्याचं पुण्याला लागलेलं टोक. चांदणी चौकातून पौडकडे निघालं की पुढे भाताची खाचरं, आणि अलीकडे सोसायट्यांची स्वयंपाकघरं. आजीची पायली, आईची वाटी, केकच्या कृतीतला कप आणि डिजिटल काट्यावरचे ग्रॅम इथे एकाच ओट्यावर येतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो.

‘पायली म्हणजे चार किलो’ असं सर्रास सांगितलं जातं. पण पायली हे वजन नाहीच, ते भांड्याचं माप आहे. चार चिपट्यांचा शेर, चार शेरांची पायली. तीच पायली तांदळाने भरली तर जड, टरफलासकट भाताने भरली तर बरीच हलकी. शीग लावून भरली की आणखी फरक. गैरसमजाला कारणही आहे. शेर हे नाव वजनालाही होतं: ८० तोळ्यांचा पक्का शेर, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने दशमान वजनमापं आली, शेर व्यवहारातून गेला, पण त्याच्या दोन अर्थांची सरमिसळ मागे राहिली.

दुसरा समज जास्त महागात पडतो: ग्रॅम आणि मिलिलिटर एकच. हे फक्त पाण्याला लागू आहे. दूध पाण्याहून किंचित जड, मध जवळजवळ दीडपट जड, तेल हलकं. एक लिटर सोयाबीन तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना ८९३ च्या आसपास. म्हणून १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा एक नव्हेत. किलोच्या डब्यात जवळपास सव्वा लिटर तेल जास्त असतं. दोन डब्यांचे भाव ताडताना आकड्यापुढचं एकक आधी वाचायला हवं.

मग ‘एक कप म्हणजे अमुक ग्रॅम’ असा एकच आकडा का चालत नाही, हेही उघड होतं. २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम मावते, रवा १६५ ते १७०, चुरमुरे जेमतेम १५. मैद्याचं तर विचारूच नका. चाळून चमच्याने हलकेच भरला तर १२०, डब्यातच कप खुपसून दाबून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. केक दगडासारखा झाला की दोष ओव्हनला देतात. पुष्कळदा तो या ३० ग्रॅमचा असतो. बेसनाचंही असंच, चाळलेलं आणि न चाळलेलं यांत मोठी तफावत.

शिवाय कपही सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेतला सुमारे २४०, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २०० मिलिलिटर. आणि भाताच्या विजेच्या कुकरसोबत येणारा बहुधा १८० चा.

एवढं वाचून वाटी टाकून द्यावी असं कुणाला वाटेल. तोही गैरसमजच. शिऱ्याला रवा, साखर, तूप एकाच वाटीने घेतलं तर वाटी लहान की मोठी याने काही बिघडत नाही, कारण तिथे प्रमाण महत्त्वाचं. भाताचं पाणीही वाटीनेच मोजावं. नव्या इंद्रायणीला जुन्या तांदळाहून कमी पाणी लागतं, हे काटा सांगणार नाही. बिघडतं ते अर्धी कृती ग्रॅममध्ये आणि अर्धी वाटीत घेतल्यावर: एक किलो भाजणीला ‘दोन वाट्या मोहन’, पण वाटी कोणती? केक, बिस्किटं, पाव यांच्यासाठी मात्र सरळ वजनच करावं.

घरातली रोजची वाटी एकदा काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा आणि ती काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिलिलिटर तिचं माप. तो आकडा पाककृतींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, म्हणजे पुढे ती वही ज्यांच्या हाती जाईल त्यांना तुमची वाटी केवढी होती हे कळेल.