शहर, शाळा आणि आपली मुले

गाव सोडून मुंबईला येणारा आपला माणूस दोन गोष्टी शोधतो : हाताला काम आणि मुलांना शाळा. काम नातेवाईक, गाववाले मिळवून देतात. शाळेच्या बाबतीत मात्र तो एकटा पडतो. गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांत मी बरीच वर्षे मुलांना शिकवीत आलो आहे. दर जूनमध्ये पालक एकच प्रश्न घेऊन येतात : “सर, चांगली आणि परवडणारी शाळा कोणती?”

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, ते भीमराव पुढे वडिलांबरोबर मुंबईला आले. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत राहून ते एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत शिकले व १९०७ साली मॅट्रिक झाले. शहरात आल्याने जात सुटली नाही. पण सरकारी शाळेचे दार उघडे होते, ही गोष्ट निर्णायक ठरली. आज ते दार कायद्याने उघडले आहे. मात्र ते कोठे उघडते व कोठे पुन्हा बंद होते, हे आपल्या पालकांना कोणी सांगत नाही.

प्रथम दाखल्याचा प्रश्न. वर्षाच्या मध्येच गाव सोडावे लागते आणि शाळा सोडल्याचा दाखला मागे राहतो. ‘दाखला आणा, मग बघू’ असे म्हणून मुलाला परत पाठवले जाते. असे दोन महिने गेले की मूल घरीच राहते. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला येण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणावरून सरकारी, पालिकेच्या वा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाकारता येत नाही. पाचवीपर्यंत मुलाला त्याच्या वयानुसार इयत्तेत बसवले पाहिजे. हे तोंडी सांगून भागत नाही. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी. नकार मिळाला तर तोही लेखी मागावा.

दुसरा प्रश्न फीचा. पालिकेच्या शाळेत फी नाही. पुस्तके, गणवेश, दुपारचे जेवण मिळते. मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजीसह आठ भाषांत या शाळा चालतात. तरीही पालक गल्लीतल्या इंग्रजी पाटीकडे वळतात. त्यांना दोष देणे सोपे आहे. स्वतःची मुले इंग्रजीत घालून आपल्याला मातृभाषेची थोरवी सांगणाऱ्यांचा ढोंगीपणा आपले लोक ओळखून आहेत. पण पाटीवर भाळून फसगतही होते. फीबरोबर गणवेश, बूट, वह्या, शिकवणी, रिक्षा असा खर्च चढत जातो आणि तिसरी-चौथीत मुलाला काढावे लागते. म्हणून वर्षाचा सगळा खर्च आधी कागदावर मांडावा. शाळेला शासनाची मान्यता आहे काय, हे पाहावे. मान्यता नसलेल्या शाळेत घातलेले पैसे आणि वर्षे दोन्ही वाया जाण्याचा धोका असतो. प्रवेशासाठी देणगी मागणे आणि मुलाची वा पालकांची परीक्षा घेणे या दोहोंना कायद्याने बंदी आहे.

तिसरा मार्ग पंचवीस टक्क्यांचा. खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना मोफत द्याव्यात, असे हा कायदा सांगतो. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळलेल्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना यात उत्पन्नाची अट नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. हक्क कागदावर आला म्हणून तो टिकतोच असे नाही, हे यावरून दिसते.

या मार्गावरही अडथळे आहेत. तो फक्त प्रवेशवर्गासाठी आहे. चौथीतले मूल घेऊन गावाहून आलेल्या कुटुंबाला त्याचा उपयोग नाही. भाड्याने राहणाऱ्याकडून पत्त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार मागितला जातो. झोपडपट्टीत तोंडी बोलीवर राहणाऱ्याने तो कोठून आणायचा? आणि ही सवलत आठवीपर्यंतच. नववीत पूर्ण फी समोर येते.

खरी गळती इथेच होते. पालिकेच्या कितीतरी शाळाही सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा हमरस्त्यापलीकडे असली की पहिल्यांदा मुलगी घरी बसते. तेव्हा शाळा निवडताना पहिला प्रश्न हा विचारला पाहिजे : ही शाळा कोणत्या इयत्तेपर्यंत आहे, आणि त्यानंतर माझे मूल पायी कोठे जाईल? दुसरा प्रश्न शेजारच्या मुलाला विचारावा. तिसरीतल्या मुलाला पुस्तकाचे पान वाचायला सांगावे. तो वाचतो की अडखळतो, यावरून शाळेचा दर्जा कळतो. इमारतीवरून तो कळत नाही.

हे सगळे एकट्या बापाने, एकट्या आईने करायचे, ही अपेक्षा चूक आहे. दिवसाची मजुरी बुडवून ते किती दारे झिजवणार? आपल्या विहारांतून, वाचनालयांतून हे काम झाले पाहिजे. प्रत्येक वस्तीच्या कार्यकर्त्यांनी परिसरातील शाळांची यादी करावी : मान्यता, माध्यम, शेवटची इयत्ता, वर्षाचा खरा खर्च. पंचवीस टक्क्यांचे अर्ज जून उजाडण्यापूर्वीच भरले जातात. जातीचे दाखले हिवाळ्यातच काढून ठेवावेत. आणि पावसाळ्यात एकदा वस्तीतून फिरून, शाळेच्या वेळेत घरी दिसणाऱ्या मुलांची नावे लिहून काढावीत. त्या यादीतले प्रत्येक नाव हजेरीपटावर चढेपर्यंत आपले काम संपत नाही.