ओझ्याची गोष्ट (१४) : उलाळ

चिखलदऱ्याचा घाट उतरताना ब्रेक का तापतात आणि गाडी गिअरमध्ये धरायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे या हप्त्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते आज राहू द्या. शिरजगावकडच्या एका संत्रा बागायतदारांचं पत्र आलं आहे आणि त्याचं उत्तर दिल्याशिवाय मला पुढं जाववत नाही.

ते लिहितात, अंबिया बहाराचा माल डिसेंबरात उतरला की मृगाची फळं निघेपर्यंत त्यांची पिकअप बरेच दिवस दारात उभी असते. नेमकी त्याच दिवसांत बहिरमची यात्रा भरते. दरवर्षी राहुटी न्या, बांबू न्या, ठोका, उपटा. त्यापेक्षा डाल्यावरच पत्र्याची खोली बांधली तर? दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि यात्रा आटोपली की तशीच गाडी नर्मदेकडे. शेवटी विचारतात, "आरसीप्रमाणे १३०० किलो माल बसतो. खोली काय एवढी भरते का?"

त्यांचा बेत मला आवडला. पण वीस वर्षं धर्मकाट्यावर बसलेल्या माणसाला असा प्रश्न विचारला की तो आधी पेन काढतो.

आरसीवर एकूण वजन ३००० आणि रिकामं वजन १७०० आहे असं धरू. उरले १३००. यातली पहिली गंमत अशी की कायद्यातल्या रिकाम्या वजनात ड्रायव्हर नसतो. तो आणि शेजारी बसणारा असे दोघं मिळून १४० किलो गेले. आता खोली. आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद, सहा फूट उंच धरली तर भिंती आणि छत मिळून साधारण १९ चौरस मीटर पत्रा लागतो. एक मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा चौरस मीटरला ७.८५ किलो भरतो, म्हणजे दीडशे किलो नुसता पत्रा. उन्हाचं आतून प्लायवूड लावाच, असं सुतार सांगणार. १२ मिलिमीटरचं प्लायवूड हातात हलकं वाटतं, पण चौरस मीटरला तेही पत्र्याएवढंच भरतं. भिंती, छत आणि खालची फळी धरून १८० किलो. अँगलचा सांगाडा १००. पलंग, ओटा, कपाट १२०. दोनशे लिटर पाणी म्हणजे बरोब्बर दोनशे किलो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर टाकीसकट ३० च्या आसपास. भांडी, गाद्या, कणीक, हंड्या, जळतण मिळून १५०. बेरीज ९३० आणि ते दोघं धरून १०७०.

म्हणजे बसते. कागदावर २३० किलो शिल्लकही राहतात. दुसरा कोणी असता तर इथंच 'बांधा' म्हणून मोकळा झाला असता. मी होत नाही, कारण हाच हिशेब करून मी स्वतः एकदा फसलो आहे.

काटा टाकायच्या आधीची गोष्ट. गाडी माझीच होती आणि संत्र्याचे पंचावन्न कॅरेट भरायचे होते. भरलेला कॅरेट २२ किलोचा, म्हणजे १२१० किलो. मर्यादेच्या आत. पण केबिनच्या मागे कोणाच्या तरी फवारणी पंपांची खोकी आधीच ठेवलेली होती, म्हणून पोरांनी कॅरेट मागं सरकवले. मागचा फाळका उघडून आडवा केला, साखळीवर टाकला आणि त्यावरही दोन रांगा रचल्या. गावाबाहेर पडलो आणि स्टिअरिंग लोण्यासारखं झालं. वळवलं की गाडी आधी विचार करायची, मग वळायची. समोरून एसटी आली तेव्हा मला घाम फुटला. बाजूला घेऊन अर्धे कॅरेट उतरवले, खोकी मागं टाकली, फळं पुढं घेतली. एक किलोही कमी न करता तीच गाडी शहाण्यासारखी चालायला लागली.

घरी सांगितलं तेव्हा आबाजी हसले. "बंडी उलाळ झाल्ती तुही," म्हणाले. "काट्यानं वजन सांगतलं असन बाबू, पन बसवलं कुठी थे कोन पाह्यन?"

उलाळ हा शब्द आता ट्रॅक्टरवाल्या पोरांना सांगावा लागतो. बंडीत माल मागं जास्त झाला की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं आणि जोतं गळ्याला आवळतं. ती बंडी उलाळ. उलट माल पुढं जास्त झाला तर सगळा भार जुवावर येतो आणि बैलांचे खांदे येतात. आमच्या घरून बहिरमला बंडी निघायची तेव्हा आबाजी ती सगळी भरून घ्यायचे, बैल जुंपायच्या आधी मला पुढं बोलवायचे आणि म्हणायचे, "धुरा उचलून पाह्य." धुरा आपण होऊन वर आली तर कणकेचं पोतं हातभर पुढं. माझ्याच्यानं जागची हलली नाही तर हातभर मागं. मला दम लागून ती जेमतेम उचलली गेली, की म्हणायचे, "हाव, आता जुंपा."

पुढं अमेरिकेतल्या कॅम्पर ओढणाऱ्यांची माहिती वाचली तेव्हा मला हे पोतं आठवलं. पिकअपच्या मागे जोडायच्या चाकावरच्या घराचा दहा ते पंधरा टक्के भार जोडाच्या हुकावर पडला पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. हजार किलोचं घर असेल तर हुकावर शंभर ते दीडशे. त्याहून कमी पडला तर मागचं घर वेगात शेपूट हलवायला लागतं आणि ओढणारी गाडीही घेऊन जातं. जास्त पडला तर पिकअपचं मागचं बूड बसतं. हा दाब मोजायला त्यांच्याकडं खास काटे मिळतात. आमच्याकडं मी होतो.

बहिरमला न गेलेल्या वाचकांसाठी दोन ओळी. आमच्या तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, बैतूलच्या रस्त्यावर हे ठाणं आहे. लोणी-शेंदूर ल्यायलेला भैरव. डिसेंबरच्या विशीत यात्रा सुरू होते ती जानेवारी संपेपर्यंत. मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवरीवरचे रोडगे यांच्यासाठी लोक लांबून येतात. पूर्वी बंड्या, रेंग्या, दमण्या सोडून तिथंच राहुट्या पडायच्या आणि बंडीच्या खाली सतरंजी टाकून आम्ही पोरं झोपायचो. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. बहिरमच्या माळावर ते कधीचं चालू होतं, फक्त बैल जोडून.

आता पत्राकडं. तुमच्या नकाशात पाण्याची टाकी खोलीच्या मागच्या भिंतीला, बाहेरून नळ काढायला सोपी म्हणून दाखवली आहे. घोटाळा तिथंच आहे. चाकांमधलं अंतर ३ मीटर धरा आणि टाकी मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागं. दोनशे किलो पाणी त्या ॲक्सलवर टेकून तरफेसारखं काम करतं आणि पुढच्या चाकांवरचे ६७ किलो उचलून घेतं. मागच्या ॲक्सलवर २०० नाही, २६७ पडतात. म्हणजे वळवणारी चाकं हलकी आणि ओढणारी जड, माझे फाळक्यावरचे कॅरेट. तीच टाकी केबिनच्या पाठीला लावून खाली, दोन्ही ॲक्सलच्या मध्यावर आणली तर शंभर पुढं, शंभर मागं. नळाला दोन मीटर पाइप जास्त लागेल, तेवढंच. टाकीत आडवे पडदे घाला, नाहीतर अर्धी रिकामी झाली की वळणावर पाणी हिंदकळून गाडी ओढतं.

आरसीत प्रत्येक ॲक्सलचं नोंदणीकृत वजनही असतं. एकूण वजन मर्यादेत असून मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर, अशा गाड्या मी काट्यावर रोज पाहिल्या. पिकअपचा डाला मुळात जवळपास सगळा मागच्या चाकांवरच बसलेला असतो.

इथं फिटर सांगेल, "भाऊ, एक कमानपाटा वाढवून देतो." नका ऐकू. पाटा वाढवला की गाडी बसलेली दिसत नाही, एवढंच होतं. ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर तेच राहतात. टायरच्या बाजूला मापानंतर एक आकडा असतो, तो भाराचा. १०० असेल तर त्या टायरला पुऱ्या हवेत ८०० किलो. मागे दोनच टायर असतील तर गुणाकार तुम्हीच करा.

कायद्याचं थोडक्यात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. काट्यावर जायला नकार दिला तर ४०,०००. मालगाडीच्या डाल्यावर कायमची खोली बांधणं हा गाडीतला बदल आहे, आरटीओची मंजुरी आधी घ्या, गाडी एमएच-२७ ची असेल तर अमरावतीला. आणि चालत्या गाडीत मागं बायकापोरांना बसवू नका. मालवाहू गाडीला त्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. त्यांना दुसऱ्या गाडीनं न्या. खोली मुक्कामाला.

तर असं करा. सुताराला बोलवायच्या आधी रिकामी पिकअप जवळच्या धर्मकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं फळीवर घाला आणि चिठ्ठी घ्या, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. फळी आणि बाहेरचा रस्ता एका पातळीत असलेला काटा पाहा, नाहीतर आकडे खोटे येतील. खोली बांधून, टाकी भरून, सामान घालून तेच पुन्हा करा. पुढच्या चाकांचा आकडा रिकाम्यापेक्षा कमी आला तर बंडी उलाळ आहे. सहाही चिठ्ठ्या मला पाठवा. ब्रेक पुढच्या आठवड्यात.