धुळीचा रस्ता आणि ट्रॅक्टरचा धूर

राधानगरी तालुक्यांत पावसाळा संपून ऊसतोडणी सुरू झाली म्हणजे परिते, बिद्री येथील कारखान्यांकडे उसाच्या ट्रॉल्यांची रीघ लागते. शेतापासून डांबरी सडकेपर्यंतच्या वाटांवरील तांबडी माती उडून झाडेंझुडपें रंगून जातात. याच दिवसांत कांहीं ट्रॅक्टरांच्या धुरांड्यांतून काळाकुट्ट धूर निघूं लागतो. पुष्कळांस वाटतें कीं, डिझेलच वाईट आलें. डिझेलला दोष देण्यापूर्वीं हवेची वाट मोकळी आहे कीं नाहीं, हें पाहावें, अशी आमची शेतकरी बंधूंस सूचना आहे.

एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास सुमारें १४.५ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटरमागें सुमारें १०,००० लिटर हवा झाली. इंजिन प्रत्यक्षांत याहूनहि अधिक हवा ओढतें. ही सर्व हवा एअर फिल्टरांतून गाळून जाते. फिल्टर धुळीनें तुंबला म्हणजे हवा कमी पडते. पण जुन्या पद्धतीचा पंप डिझेल पूर्वींइतकेंच सोडतो. अर्धवट जळालेल्या डिझेलची काजळी होते, आणि तोच काळा धूर होय. त्याचे अतिसूक्ष्म कण चालकाच्या व वाटसरूंच्या फुप्फुसांत खोलवर जातात.

कार्बुरेटरच्या जुन्या पेट्रोल गाड्यांतहि हवा कमी पडल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु वाढतो. नव्या मोटारींत मात्र संगणक हवेच्या मानानें पेट्रोल कमी करतो. त्यामुळें धुरांत फारसा फरक न दिसतां गाडीचा जोर तेवढा घटतो.

फिल्टर तुंबला म्हणून तो काढूनच ट्रॅक्टर चालविणें हा उपाय रोगाहून वाईट आहे. धुळींतील वाळूचे कण तेलांत मिसळून रिंगा व सिलिंडर पॉलिश कागदासारखे घासून काढतात. मग तेल वर चढून जळतें व निळसर धूर येतो. रिंगा व सिलिंडर एकदां झिजले म्हणजे नव्या फिल्टरानेंहि तो धूर थांबत नाहीं; इंजिन उघडावेंच लागतें.

यास्तव तोडणीच्या दिवसांत फिल्टर वारंवार पाहावा. तेलाचा फिल्टर असल्यास भांड्याच्या तळाचा गाळ काढून खुणेपर्यंत नवें तेल घालावें. कागदी फिल्टर धुऊं नये, आपटूं नये. कंपनीच्या पुस्तिकेंत परवानगी असेल तरच मंद हवेनें आंतून बाहेर फुंकावा, आणि कागद फाटला असल्यास बदलावा. रबरी नळी व तिचे पट्टे घट्ट आहेत ना, हेंहि तपासावें. तेथें फट राहिल्यास धूळ फिल्टर चुकवून आंत शिरते. पुढील ट्रॉलीची धूळ खालीं बसेल इतकें अंतर राखून चालावें. इतकें करूनहि काळा धूर राहिल्यास नोझल व पंप जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावेत.

रस्त्याची धूळ एकट्यादुकट्याच्या हातची नाहीं. पण ती इंजिनांत जाऊं न देणें व तिच्यापायीं गावावर धूर न सोडणें, हें प्रत्येक चालकाच्या हातीं आहे.