भुलेमागून येणारी उलटी

१८४६ साली बॉस्टन येथे ईथरची आणि पुढल्याच वर्षी एडिंबरा येथे क्लोरोफॉर्मची भूल प्रचारात आली व शस्त्रक्रियेच्या असह्य वेदनांतून मनुष्य सुटला. परंतु शुद्धीवर येताच होणाऱ्या उलट्यांची दखल, प्राणांतिक संकट टळले या समाधानात, पुढील शतकभर कोणी फारशी घेतली नाही. मूल ओकायचेच, हा भुलेचा दस्तूरच ठरून गेला आणि आईने उशाशी तस्त घेऊन बसावे, एवढीच काय ती तजवीज उरली.

तिरळेपणाच्या किंवा टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतरचे मूल ज्याने जवळून पाहिले आहे, त्याला ही उपेक्षा किती निष्ठुर होती हे सांगावे लागत नाही. घशातील ओली जखम प्रत्येक उमाळ्यासरशी ठणकते, गिळलेले रक्त उलटून पडते आणि पाण्याचा घोटही नकोसा झालेले ते अंग कोरडे पडू लागते.

कर्करोगाच्या औषधोपचारातील उलट्यांसाठी सिद्ध झालेले ऑन्डान्सेट्रॉन १९९० नंतर शस्त्रक्रियागृहात आले, त्याला डेक्सामेथासोनची जोड मिळाली, वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉलची भूल देता येऊ लागली. तथापि या औषधांहूनही मला मोलाचे वाटते ते २००४ साली जर्मनीतील एबरहार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले चार प्रश्न: शस्त्रक्रिया अर्धा तास किंवा अधिक चालणार काय, वय तीन वर्षे वा त्याहून अधिक आहे काय, शस्त्रक्रिया तिरळेपणाची आहे काय, आणि मुलाला पूर्वी किंवा आईबाप-भावंडांपैकी कोणास भुलेनंतर असा त्रास झाला होता काय. चारही उत्तरे होकारार्थी असल्यास शंभरांतील सुमारे ७० मुले ओकतात. एकही नसल्यास सुमारे ९. लहानग्यास मळमळ शब्दांत सांगता येत नाही, म्हणून हिशेब उलटीचाच धरला गेला. पण कोणत्या मुलाला एक औषध पुरे आणि कोणाला दोन हवीत, याचा निर्णय त्यामुळे आधीच करता येऊ लागला.

काही सुधारणा तर औषधाविनाच झाल्या. घरी सोडण्यापूर्वी मुलाला काहीतरी पाजलेच पाहिजे असा शिरस्ता होता. अशी सक्ती केलेली मुले अधिक ओकतात, हे १९९२ साली अमेरिकेतील अभ्यासात दिसून आले.

आईबापांनी एवढे अवश्य करावे: आपणांस किंवा मुलाच्या भावंडांस भुलेनंतर उलट्या झाल्या असतील, तर भूलतज्ज्ञाने विचारण्याची वाट न पाहता ते शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावे.