सुळा वाट चुकतो तेव्हा...

वरचा सुळा साधारणतः अकराव्या-बाराव्या वर्षी हिरडीबाहेर येतो. काही मुलांत मात्र तो वाट चुकून बहुधा टाळूकडे अडकतो आणि शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळच झिजवू लागतो. दुखत काहीच नाही. त्यामुळे पालकांना पत्ता लागत नाही.

येथे साधा एक्स-रे तोकडा पडतो. एक्स-रे म्हणजे अखेर सपाट सावली. मुळाच्या ओठाकडील वा टाळूकडील अंगाला पडलेला खड्डा सुळ्याच्या सावलीत दडून जातो. सीटी स्कॅन त्याच जागेचे पातळ छेद दाखवतो, म्हणून झीज किती व कोठे, ते उलगडते. एरिक्सन व कुरोल या स्वीडिश दंतवैद्यांनी सुळे वाट चुकलेल्या १०७ मुलांची सीटी तपासणी केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४८ टक्के मुलांच्या पटाशीच्या दातांची मुळे झिजलेली आढळली. जवळपास निम्मी मुले!

वेळीच कळले, तर सुळा दूर सरकवून झीज बहुधा थांबवता येते. मुळाची गेलेली लांबी मात्र परत मिळत नाही.

म्हणून सरसकट स्कॅन करावा, असे नाही. दातांसाठीच्या 'कोन बीम' सीटीत किरणांची मात्रा रुग्णालयातील नेहमीच्या सीटीपेक्षा सहसा कमी असली, तरी साध्या एक्स-रेपेक्षा ती अधिकच, आणि रुग्ण असते लहान मूल. दहाव्या वर्षानंतरही वरच्या हिरडीवर सुळ्याचा फुगवटा बोटाला लागत नसेल, तर आधी दंतवैद्याकडून तपासणी व एक्स-रे. त्यात शंका आली, तरच सीटी.