चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण शाळेत शिकले तेव्हा मला त्या विंचवाचा हेवाच वाटला होता. कुठेही जा, खोली शोधायची ददात नाही! पण पाठीवरच्या बिऱ्हाडाची निगा वाटभर आपल्यालाच राखावी लागते, हे काही म्हण सांगत नाही. ते कळायला माझी सत्तरी उलटावी लागली आणि इंग्लंडात लीड्सला लेकीकडे जावे लागले.

२०२४च्या मार्चात आम्ही दोघे तिकडे गेलो. चार दिवस झाले नाहीत तोच लेक म्हणाली, "चला, तुम्हांला आमचं दुसरं घर दाखवते." शहराबाहेर एका शेतकऱ्याच्या आवारात पाचपंचवीस पांढऱ्या पेट्या ओळीने उभ्या होत्या. त्यांतली एक आमच्या जावयांची. कॅरॅव्हॅन म्हणतात तिला. तिला स्वतःचे इंजिन नसते. मोटारीच्या मागे जोडायची आणि घर ओढत न्यायचे. आत शिरले आणि चकितच झाले. निजायला ऐसपैस जागा, ओट्यावर शेगड्या, फ्रिज, कपड्यांचे कपाट, आणि त्या कपाटाहून किंचित मोठे न्हाणीघर! लग्नानंतर दादरला ज्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही संसार मांडला, तिथे नळसुद्धा चाळीच्या टोकाला होता.

या हौसेला तिकडे जुनी परंपरा आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या डॉक्टरांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या कारखान्यातून केवळ भटकंतीसाठी म्हणून एक घोड्यांची गाडी बांधून घेतली. तिचे नाव 'वाँडरर'. गाडीच्या पुढे त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवरून वर्दी देत जाई. १९०७ साली या हौशी मंडळींचा क्लब निघाला, आणि पहिल्या महायुद्धानंतर घोड्यांची जागा मोटारीने घेतली. आता सुट्या लागल्या की रस्त्यांवर ही पांढरी बिऱ्हाडे जिकडेतिकडे दिसतात.

मौज अशी की, त्या कायदेप्रिय देशात मोटार तीन वर्षांची झाली की दरवर्षी तिची तपासणी सक्तीची. पण तिच्यामागून ओढल्या जाणाऱ्या या घराला तशी सक्ती नाही! ते रस्त्यावर आणण्याजोगे आहे की नाही, हे मालकाने पाहायचे. चूक निघाली तर दंड मात्र त्याचाच.

"म्हणजे तपासायला कुणी नाही?" आमच्या ह्यांचे डोळे लकाकले.

ह्यांची सारी नोकरी रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यात गेली. गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाके ठोकत जाणारा माणूस तुम्ही पाहिला असेल. तशा माणसांवर देखरेख करणारे हे. निवृत्तीनंतर ठोकायला काही उरले नव्हते. त्यांनी लगेच नातीकडून एक कोरी वही मागून घेतली.

"बाबा, टायर तर नवेकोरे आहेत," जावई म्हणाले. "आधीच्या मालकांनी फारशी चालवलीच नाही." खाचा खरोखरच खोल होत्या. कायद्याला १.६ मिलिमीटर पुरतात, इथे त्याच्या तिप्पट तरी असतील. पण हे गोणपाट अंथरून गाडीखाली शिरले आणि टॉर्च पाडून टायरची आतली बाजू फडक्याने पुसू लागले. तिथे चार आकडे निघाले : १४१५. म्हणजे २०१५ सालच्या चौदाव्या आठवड्यात घडलेला टायर. नऊ वर्षे व्हायला आली होती! आकड्यांच्या शेजारीच रबराला केसाएवढ्या बारीक भेगा. वाळलेल्या पापडासारख्या.

कॅरॅव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, बसून मरतात. महिनोन्‌महिने एका जागी, एकाच बाजूवर सारा भार; वर ऊन, पाऊस, थंडी. म्हणून जाणकार सांगतात की पाच वर्षांनी बदलावेत आणि सात वर्षांपलीकडे तर मुळीच ठेवू नयेत, मग खाचा कितीही खोल असोत. स्टेपनीसुद्धा त्याच वयाची निघाली. जावयांनी तिन्ही टायर बदलले. खर्च ऐकून मी मनातल्या मनात रुपये केले आणि गप्प बसले.

नव्या टायरांचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळले. ठरलेला जोर पुरा झाला की तो पाना 'कट्' असा बोलतो. ह्यांना तो पाना इतका आवडला की, पुण्याला नेता येईल का, अशी चौकशी झाली. पण खरी गोष्ट पुढे आहे. एकदा आवळले म्हणजे झाले असे नाही. तीसेक मैल चालल्यावर थांबून पुन्हा बघायचे, कारण चाक आपल्या जागी बसताना बोल्ट सैल पडू शकतो. ही सूचना ह्यांनी वहीत दोनदा अधोरेखित केली.

हिवाळाभर हँडब्रेक ओढून ठेवल्याने एका चाकाचा ब्रेक चिकटून बसला होता, तो मोकळा करून घेतला. ठेवणीतल्या गाडीचा ब्रेक सोडून ठेवायचा आणि चाकांना उट्या लावायच्या, हे त्यामुळे समजले. खिडकीखालच्या भिंतींना ओल मोजायचे यंत्र लावून पाहिले. पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, विसाच्या वर गेली तर भिंतीत पाणी मुरते आहे असे समजावे. आमची अकरा-बारा निघाली. दिवे तपासण्याचे काम नातीकडे. ती मागे उभी राहून "डावा! उजवा! ब्रेक!" अशी इतक्या जोरात ओरडे की शेजारचे शेतकरीबुवा बाहेर येऊन पाहून गेले.

जोडणीचा प्रकार मात्र मला फार आवडला. मोटारीच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर कॅरॅव्हॅनचे नाक बसते. बसले की नाही, हे नुसते पाहून समजत नाही. म्हणून पुढचे टेकूचे लहान चाक उलटे फिरवून नाक वर उचलायचे. त्याबरोबर मोटारीचा मागचा भागही वर उचलला गेला तर पकड पक्की. शिवाय एक बारीक पोलादी तार मोटारीला अडकवलेली असते. दैवयोगाने जोडणी सुटलीच, तर ती ताणली जाऊन कॅरॅव्हॅनचा ब्रेक लावते आणि मग तुटते. आपण मरून दुसऱ्याला थांबवणारी!

सामान मी भरले होते आणि तिथेही मला बोलणी बसली. कुकर, पाच किलो तांदूळ, कांदे-बटाटे, लोणच्याच्या बरण्या, सारे मी मागच्या कपाटात लावले होते. "शेपूट जड झालं की गाडी नागिणीसारखी डोलायला लागते," हे म्हणाले. जड वस्तू खाली, चाकांच्या कण्यावर ठेवायच्या आणि नाकावर एकंदर वजनाच्या पाच ते सात टक्के भार येऊ द्यायचा, असा हिशेब आहे. माझ्या बरण्या जमिनीवर आल्या.

गॅसचे खाते मात्र माझे. पुण्यात चाळीस वर्षे सिलिंडर हाताळलेल्या बाईला कोण काय शिकवणार! आपल्याकडे नळीवर तारीख पाहून ती पाच वर्षांनी बदलतात, हे मला ठाऊक. इथल्या नळीवरही २०१५ छापलेले होते. मी सांगितल्यावरून ती बदलली आणि साबणाचा फेस लावून सांधे मीच तपासले. एकही बुडबुडा नाही. गॅसचे परवानाधारक कारागीर येऊन शेगड्या पाहून गेले, तेही मान डोलावून गेले. त्यांनी जमिनीलगतच्या दोन जाळ्या दाखवल्या : हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, तो या वाटेने बाहेर पडतो, या कधी बुजवू नका. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा बदला म्हणाले. जुन्याची मुदत संपली होती. "आणखी एक भोंगा कशाला? मी आहे ना!" असे मी म्हटल्याचे लेक अजून सगळ्यांना सांगते.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पाडव्याच्या आधी, आम्ही स्कारबरोच्या समुद्राकडे निघालो. एका वाटेवर सटन बँक नावाची चढण आहे, ती कॅरॅव्हॅनना बंदच आहे. म्हणून यॉर्कवरून गेलो. साध्या रस्त्याला ताशी पन्नास मैलांची मर्यादा. मागे मोटारींची रांग लागे, पण जावई ढळले नाहीत. यॉर्कच्या पुढे थांबून ह्यांनी पाना काढला. सगळे बोल्ट 'कट्' बोलले. डाव्या चाकाचा एक मात्र बोलण्याआधी पाव फेरा फिरला. हे काही म्हणाले नाहीत. जावयांना नुसते बोट दाखवले. जावयांनी टोपी काढून डोके खाजवले.

मुक्कामाच्या जागी कॅरॅव्हॅन एकमेकींपासून सहा मीटर दूर उभ्या करतात, आगीच्या भयाने. विजेची केबल रिळावरून पूर्ण उलगडावी लागते, कारण गुंडाळलेली केबल तापते. हे सर्व यथासांग झाले. जेवणे झाली, समुद्राचा आवाज ऐकत निजलो.

रात्री थंडी मी म्हणू लागली. माझ्या पायांशी त्या जाळीतून असा काही बोचरा वारा येत होता की विचारू नका. मी विचार केला : जाळी गळतीसाठी, नळी नवी, सांधे मी तपासलेले, गळती नाहीच. मग जाळीचे काय काम? जुन्या लुगड्याचे दुपटे होते, ते एका जाळीत कोंबले. दुसरीत माझी शाल. खिडक्या बंद होत्याच.

पहाटे साडेपाचला उठले, चहा ठेवला. ऊब यावी म्हणून दुसऱ्या शेगडीवर रुंद बुडाचे पातेले भरून पाणी तापत ठेवले. बराच वेळ ठेवले. ज्योतीचे टोक पिवळे दिसत होते, ते मला दिसले. डोके जड झाले होते, तेही कळत होते. म्हटले, झोप झाली नाही. नात दोन हातांवर निजली होती. लेक-जावई पलीकडे, हे भिंतीकडे तोंड करून.

आणि भोंगा किंचाळला.

जावयांनी उठून आधी दार उघडले, नातीला पांघरुणासकट उचलले आणि "आई, बाहेर! आधी बाहेर!" असे ओरडले. लेकीने शेगड्या विझवून सिलिंडर बंद केला. ओल्या गवतावर आम्ही पाच माणसे मोज्यांनिशी उभे राहिलो. नात डोळे चोळत आपले अस्वल मागत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. ती बोलते आहे, रुसते आहे, एवढेच मला पुरेसे होते. नंतर डॉक्टरांकडे सगळ्यांना दाखवून आणले. कुणाला काही झाले नव्हते.

गळती नव्हतीच. पण ज्योतीलाही हवा लागते, आणि ती हवा त्या जाळ्यांतून येते, हे मी विसरले होते. हवा पुरली नाही की तोच गॅस अर्धवट जळतो आणि त्यातून जे निघते त्याला ना वास ना रंग. आपल्या सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास मिसळलेला असतो. याला कोण मिसळणार? शेगडी स्वयंपाकाला असते, ऊब घ्यायला नव्हे, हेही तेव्हाच जावयांकडून ऐकले. अगदी हळू आवाजात, अगदी आदराने. ओरडले असते तर बरे वाटले असते.

दुपट्याचा बोळा मीच काढून सर्वांपुढे ठेवला, शालही काढली. ह्यांनी वही उघडली. मला वाटले, आता माझी नोंद होणार. पण त्यांनी पेन माझ्यापुढे केले. मी लिहिले : 'निजण्यापूर्वी दोन्ही जाळ्या मोकळ्या पाहणे.' अक्षर जरा वाकडे आले.

कारागीर येऊन शेगड्या पुन्हा पाहून जाईपर्यंत आम्ही त्यांना हात लावला नाही. दोन दिवस बाहेरचे तळलेले मासे आणि बटाटे खाल्ले. हे खूश होते.

निघायच्या दिवशी पुन्हा सारी फेरी झाली. टायर, बोल्ट, जोडणी, तार, दिवे. नात वही घेऊन ह्यांच्या मागे मागे खुणा करीत होती. शेवटच्या ओळीशी आल्यावर ती आत गेली, पालथी पडून दोन्ही जाळ्यांत बोट घालून पाहिले आणि बाहेर येऊन म्हणाली, "आजी, तुझी शाल कुठे आहे?"

"अंगावर," मी म्हटले.

तिने खूण केली आणि आम्ही निघालो.