बोट गळतेय? मग आधी पाणी भरा!

नोकरी गेलेली, व्हिसाचे दिवस मोजून उरलेले आणि गॅरेजमध्ये चौदा फुटी गळकी बोट... अमेरिकेतल्या एका मराठी मित्राच्या साठ दिवसांची ही गोष्ट!

मार्च २०२३. मिनिआपोलिसमध्ये राहणाऱ्या माझ्या कॉलेजच्या मित्राला सकाळी सकाळी ऑफिसचा मेल आला. नोकरी संपली! एच-१बी व्हिसावर असाल तर अशा वेळी हातात जास्तीत जास्त साठ दिवस. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज केला तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळायची तयारी.

‘आणि गॅरेजमध्ये काय होतं माहितीये? बोट!’ फोनवर तो हसत होता. आदल्या ऑक्टोबरमध्ये, दिवस बरे असताना, त्याने ट्रेलरसकट एक जुनी अ‍ॅल्युमिनियमची मासेमारीची बोट चारशे डॉलरला उचलली होती. चेपलेली, रंग उडालेली, थेट आजीच्या जर्मलच्या पातेल्यासारखी. ‘विकून टाक,’ बायको म्हणाली. पण गळकी बोट घेणार कोण? शेवटी ठरलं. दिवसा अर्ज आणि इंटरव्ह्यू, संध्याकाळी बोट. बजेट तीनशे डॉलर. वर एक सेंट नाही!

मिनेसोटात गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा ‘दहा हजार तळी’ असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे घरोघरी जुनी स्कूटर, तशी तिथे ही बोट. महायुद्ध संपल्यावर विमानं बनवणाऱ्या ग्रुमनने अ‍ॅल्युमिनियमच्या होड्या काढल्या. १९४६ साली अल्युमाक्राफ्ट आणि १९४८ साली लुंड या कंपन्या तर मिनेसोटातच सुरू झाल्या. या धातूवर स्वतःचाच एक पातळ थर चढतो आणि तो त्याला सांभाळतो. त्यामुळे पन्नास वर्षांचा सांगाडाही ठणठणीत असू शकतो. कुजतं ते आतलं लाकूड.

आमच्या हिरोने पहिली चूक केली ती रंगाचे डबे आणायला निघण्याची. शेजारच्या रिटायर्ड आजोबांनी अडवलं. ‘रंगाने पाणी थांबत नाही. बोटीत पाणी भर!’ काठोकाठ नाही हं, तळ झाकेल इतकंच. मग खाली वाकून जिथे थेंब दिसेल तिथे खूण करायची. अकरा रिव्हेट गळत होते.

सैल रिव्हेट पुन्हा आवळता येतो, पण एकट्याला नाही. बाहेरून एकाने जड लोखंडी ठोकळा टेकवून धरायचा, आतून दुसऱ्याने हातोडी मारायची. आजोबा बाहेर, हा आत. ‘दिवसभर रिजेक्शनचे मेल वाचायचो. संध्याकाळी कुणीतरी पलीकडून धरून ठेवलंय, एवढंच पुरायचं.’ आवळूनही ऐकत नव्हते ते तीन रिव्हेट बदलले. मग आतल्या बाजूने सगळ्या जोडांवर इपॉक्सी. तेही दुपारी ऊन असताना, कारण थंडीत ते नीट धरत नाही.

मोटर टांगायची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, उघडली तर प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखं! मोटरचं वजन आणि धक्का दोन्ही यावरच, म्हणून इथे काटकसर नाही. दोन प्लाय चिकटवून, कडा आणि भोकं इपॉक्सीने बंद करून नवी फळी बसवली. सीटखालचा फोम पाणी पिऊन जड झाला होता. तोही बदलला. बोटीत पाणी शिरलं तर तिला तरंगत ठेवतो तो हाच. सीटचे कुशन, कार्पेट, चकाचक रंग? सगळ्याला काट. हिशेब झाला २८७ डॉलर.

एक्कावन्नाव्या दिवशी एका छोट्या कंपनीने त्याचा अर्ज दाखल केला. पगार आधीपेक्षा कमी, पण मुक्काम कायम. १३ मे रोजी मासेमारीचा सीझन उघडला आणि आजोबांची जुनी मोटर उसनी घेऊन बोट तळ्यात उतरली. मासा एकही नाही! एक रिव्हेट अजून थेंब थेंब गळतोच.

‘आजोबा म्हणाले, तो पुढच्या वर्षी बघू,’ तो म्हणाला. मग जरा थांबून, ‘पुढच्या वर्षी! किती दिवसांनी ऐकला यार हा शब्द.’

घेण्याआधी हे बघा

* कागदपत्रं विकणाऱ्याच्याच नावावर आहेत ना? नसतील तर स्वस्त बोटही महागात पडते.
* ट्रान्सम दाबून, ठोकून बघा. मऊ लागला की भावात घासाघीस करा.
* तांबं असलेलं रसायन मुरवलेलं लाकूड आणि तांब्याचा रंग टाळा. ओलाव्यात दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या.
* नोव्हेंबर १९७२ नंतरच्या अमेरिकी छोट्या बोटींवर किती माणसं, किती वजन, हे सांगणारी पट्टी असते. ती वाचा आणि पाळा.
* उरलेल्या पैशांत आधी लाइफ जॅकेट, मग रंग!